फिलू, पेडव्याची सुई आता माझ्या हातात

ये गो फिलू, अशी जवळ ये. पायरीवर बसू नकोस, ओल धरलीय तिला. आत ओटीवर ये, आणि आज मी बोलेन तेवढं गप ऐकून घे. चाळीस वर्षं तू बोललीस आणि मी हं हं केलं. आता तुला उलटून बोलता येत नाही, तेवढं तरी माझ्या बाजूनं झालं.

असं जातं का गो कोणी? त्या सकाळी सातला तुझ्या कुत्र्याला, पेडव्याला, सुई दिलीस, आपल्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून मला हाक मारलीस, "शालू, कुळथाची पिठी करतंय, वाटी घेवन ये." मी वाटी घेऊन आले तर तू खुर्चीत मान टाकून बसलेली, पेडवो तुझ्या पायाशी, आणि गॅसवर पिठी रटरटतेय. मी आधी गॅस बंद केला. तुला हाक नंतर मारली. आज सव्वीस दिवस झाले, पण मी आधी गॅस का बंद केला ते मला अजून उमगत नाही. बहुतेक बघताक्षणीच मला कळलं होतं, आणि हाक मारली की खरं होईल म्हणून मी ती लांबवली.

तुझं गुणगान इगर्जीत पाद्रीबाबांनी केलं, चांगलं केलं. शाळेतली तुझी मुलं रडली. ते सगळं मी इथं लिहीत नाही. मला तुझ्याशी बोलायचंय ते तुझ्या कुत्र्याबद्दल. वाचणारा हसेल, हसू दे बापडा.

आठवतं ना, सुरुवात मुंग्यांनी झाली. गेल्या वर्षी पाऊस सरता सरता पेडवो पाणी प्यायला लागला. प्यायचा म्हणजे किती, बालदी रिकामी करायचा, आणि माडाच्या बुंध्याशी जाऊन सोडून यायचा. पोटभर खायचा आणि तरी बरगड्या मोजता येत होत्या. एक दिवस तू गडग्यावरून ओरडलीस, "शालू, हय ये गो. मुंग्यो बघ."

मी म्हटलं, "मुंग्यो आमच्याकडे पण आसत. बघूक कित्याक येव?"

"ह्यो तशो नाय. तेच्या मुताक लागल्यो हत."

मी आले, पाहिलं. माडाच्या बुंध्याशी काळी रांग लागलेली, गुळाचा पाक सांडल्यासारखी. तू पदर खोचून उभी. तू पाहताक्षणी म्हणालीस, "शुगर." तुला ठाऊक असणारच. तुझ्या घरात तुझ्या बापाला होती, तुला होती. आचऱ्याचे गुरांचे डॉक्टर मोटरसायकलवरून आले, रक्त घेऊन गेले, आणि दोन दिवसांनी सांगितलं की बाई बरोबर आहेत, कुत्र्याला शुगर आहे, आता रोज दोन वेळा सुई, बारा तासांनी, जन्मभर. आमचे हे ओटीवरून म्हणाले, "माणसां कमी पडली काय, म्हणान आता कुत्र्यांका पण." तू यांच्याकडे असं पाहिलंस की हे पेपर उलटा धरून वाचायला लागले.

मी तेव्हाच भ्याले होते. डॉक्टरांनी तुला तवशावर, मोठ्या काकडीवर, सुई टोचून दाखवली, तू दुसऱ्या तवशावर टोचलीस, आणि मग तिसरं तवसं माझ्या हातात दिलंस. मी ते तिथंच ठेवून घरी आले आणि पाठ टेकून पडले. सुईला मी किती भिते हे तुला चाळीस वर्षं माहीत. लहानपणी देवी टोचायला आले की मी परसात लपायची. पण तू कुणाचं ऐकशील तर ना. रोज सकाळ-संध्याकाळ मला हाक. "नुसता बघूक ये. बघल्यान काय तुका शुगर होणा नाय."

मग बघून बघून मला सगळं पाठ झालं. बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. हलवायची नाही, दोन तळव्यांत घोळवायची, मोदकाची उकड घोळवतो तशी हलक्या हातानं. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि त्या घडीत सुई घालायची. आधी त्यानं खायचं. ताटली चाटून झाली की मगच सुई. सात म्हणजे सात. आणि औषध भरलं की तू सुई उजेडाकडे धरायचीस, चष्मा कपाळावर सारायचीस आणि मला विचारायचीस, "किती?"

मी रेघा मोजायची. "आठ."

"आठ," तू म्हणायचीस. मग टोचायचीस.

मला राग यायचा तुझा. शाळा सुटून वर्षं झाली तरी मास्तरीण काही सुटली नाही, मनात म्हणायची. माझ्याकडून पाढे म्हणून घेतेय.

पेडवो नाव तूच ठेवलंस, पेडवे मासळीसारखा बोटभर, चंदेरी होता म्हणून. पिलू होता तेव्हा माझ्या सुपातले पेडवे पळवून त्यानं नाव सार्थही केलं. मासळीशिवाय घास उचलला नाही कधी त्यानं. शुगर झाल्यावर डॉक्टर म्हणाले, मासे चालतील, उकडून, मीठ-मसाला नको, सोबत दुधी आणि मूठभर भात. तू खाडीचे मासे आणायचीस, उकडायचीस, आणि परातीत घेऊन एकेक काटा बोटांनी काढायचीस. तेवढ्यातच त्याच्या डोळ्यांत फूल पडलं. आधी एका, मग दुसऱ्या. आंधळ्याला काटा दिसायचा कसा, म्हणून तू तीन-तीनदा घास चाचपायचीस. स्वतःच्या ताटातला मासा मात्र उभ्या उभ्या खायचीस, थंड झालेला.

आणि त्या मधावरून आपलं भांडण झालं ते काही संपलं नाही.

तू खिडकीच्या गजाला लाल दोऱ्यानं मधाची बाटली टांगलीस. मी विचारलं, ही कुणासाठी? म्हणालीस, पेडव्यासाठी. मला हसूच आलं. "शुगरच्या कुत्र्याक मध? विषार विष?"

तू हसली नाहीस. "गो शालू, शुगर वर गेली तर महिने जातत मरूक. खाली इली तर घड्याळ बघूक पण येळ गावाचो नाय. तो झिंगल्यासारखो चलाक लागलो, थरथराक लागलो, की आधी मध हिरडेक चोळाचो. आधी मध, मगे डॉक्टराक फोन, मगे तुका रडाचा तां रड."

"माका कित्याक सांगतंस? तू आसस ना."

"मी नसलंय तर?"

"अभद्र बोलू नको," मी म्हटलं आणि खरंच कानात बोटं घातली. तुला राग आला. दोन दिवस तू मला 'किती' म्हणून हाक मारली नाहीस. तिसऱ्या दिवशी मीच लाजेकाजेस्तव आले, तू काही न बोलता सुई माझ्यापुढे धरलीस, मी 'आठ' म्हटलं. तसं आपण बोलायला लागलो. पण मधाचं मी मान्य केलं नाही. मनात म्हणत होते, फिलूला पुस्तकातलं फार.

आता जे सांगते ते तुला रागावून नाही सांगत. भीत भीत सांगते. जवळ सरक.

वैशाखात मी तुझ्याकडे मागल्या दारानं आले होते, नारळ सोलायचा कोयता मागायला. तुझ्या न्हाणीघराच्या उंबऱ्याला मुंग्या लागल्या होत्या, काळी रांग. पेडवो तिकडे कधी जात नव्हता, त्याला तिथल्या ओल्या फरशीची भीती. मी उभी राहिले, पाहिलं, कोयता घेतला आणि परत आले. तू विचारलंस, "इतको येळ काय करी होतंस?" मी म्हटलं, कोयता सापडत नव्हता.

तुझ्या पायाची जखम दोन महिने बांधलेली होती. गोळी घेतेस ना असं मी विचारायची, तू म्हणायचीस, "घेतंय गो." मी पुन्हा विचारलं नाही. तू नाही म्हणालीस तर पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून विचारलं नाही. पेडव्याच्या सुईला तुझं घड्याळ कधी पाच मिनिटं चुकलं नाही. तू गेल्यावर तुझ्या मुलानं, आंतोननं, कपाट आवरलं तर तुझ्या गोळ्यांची पाकिटं तशीच, कोरी. त्यानं ती मूठभर माझ्या पदरात ओतली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग त्याला ते मशीन सापडलं, बोटाला टोचून शुगर बघायचं, त्यानंच म्हापशाहून तुझ्यासाठी पाठवलेलं. त्यानं आत साठलेले आकडे बघितले. मला दाखवत म्हणाला, "मावशे, बघ, मम्मीची शुगर तशी वायट नव्हती. दर आयतवारी बघी होती ती." त्याच्या तोंडावर जरा उजेड आला.

फिलू, ते सगळे आकडे पेडव्याचे. तू दर रविवारी त्याच्या कानाच्या कडेला टोचून थेंब घ्यायचीस, मी कान धरायची. तुझं बोट त्या मशीनला एकदा तरी लागलं का? मी तुझ्या मुलाला म्हटलं, "होय रे बाबा, बघी होती." अजून त्याला खरं सांगितलेलं नाही. सांगू की नको, ते तू सांग.

आंतोन चांगला आहे गो. दहा दिवस राहिला, रोज सुई देत होता. पण म्हापशाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोघं कामावर, आंधळा कुत्रा दिवसभर कोण बघणार? जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, "मावशे, डॉक्टर एक इंजेक्शन देतत. निजेत जाता. तेका त्रास नाय."

मला वाटलं तू दुसऱ्यांदा चाललीस. मी म्हटलं, "इगर्जीतल्या महिन्याच्या मीसापर्यंत ठेव माझ्याकडे. मी देतंय सुई."

आमच्या यांनी आतून विचारलं, "कोण देता सुई?"

"मी."

आत पेपर मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "देवा महाराजा."

पहिल्या सकाळी मी सुई धरली. तोवर त्या चिमटीत तुझी बोटं असायची, आता माझीच बोटं दिसत होती, आणि ती माझी वाटतच नव्हती. पेडवो मात्र मान खाली घालून उभा. त्याला वाटलं तूच आहेस. टोचल्यावर त्यानं नाक वर करून माझा हात हुंगला, आणि हळूच मागं सरला. ते मागं सरणं मला सुईपेक्षा टोचलं.

त्या दिवसापासून भीती माझ्या घरी राहायलाच आली. लाइट गेली की माझा जीव फ्रिजमधल्या बाटलीत. एका दुपारी पाच तास लाइट नव्हती, तर मी बाटली डब्यात घालून पाण्याच्या मडक्यात ठेवली, वर ओलं फडकं, आणि शेजारी बसून राहिले, मडकं पळून जाईल असं. पेडवो गाढ निजला की मी पोटावर हात ठेवून श्वास बघते. तो शिंकला तरी दचकते. हे म्हणतात, "शेजारणीचो कुत्रो, आणि घाम तुका सुटता." पण आंतोननं उकडून ठेवलेली मासळी तुझ्या फ्रिजमध्ये होती, पेडवो ताटली चाटत होता, मी घड्याळ बघून सुई देत होते. 'आठ' असं मोठ्यानं म्हणत होते. दुसरं 'आठ' येत नव्हतं, तेवढंच.

मग श्रावण लागला.

आमच्या घरी श्रावणात मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही हे तुला सांगायला नको. श्रावणभर तू मला चिडवायचीस, गडग्यावरून तळलेल्या मासळीचा वास सोडायचीस आणि विचारायचीस, "देवाक वास चलता मां?" तुझ्या फ्रिजमधली मासळी रविवारी संध्याकाळी संपली. सोमवारी सकाळी मी मुगाची डाळ, दुधी आणि भात मऊ शिजवून त्याच्यापुढे ठेवला. पहिला श्रावणी सोमवार, माझा उपास, हे देवळात गेलेले. पेडव्यानं हुंगलं, दोनदा जीभ लावली आणि तोंड फिरवलं. मी चुचकारलं, हातानं भरवायला गेले. दात मिटून बसला.

घड्याळात सात वाजत आले. आणि आता ऐक माझी अक्कल. मला वाटलं, बरं झालं, एक सोमवार याला पण घडला. मुक्या जनावराला उपासाचं पुण्य. आणि शुगरवाल्यानं एक वेळ नाही खाल्लं तर चांगलंच की, साखर आपोआप उतरेल. आधी खाणं मग सुई, हे तू शंभरदा सांगितलेलं. पण त्याहून जास्त वेळा सांगितलेलं की सात म्हणजे सात. मला घड्याळाची भीती जास्त वाटली. मी आठ रेघा भरल्या, 'आठ' म्हटलं, आणि रिकाम्या पोटावर टोचली.

मग फुलं काढली, बेल काढला, पूजा केली. मन अगदी शांत होतं, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

दहाच्या सुमारास दारापुढच्या खळ्यात काहीतरी धडपडलं. आले तर पेडवो तुळशीच्या कट्ट्यावर आपटत होता. मागं जायचा, परत आपटायचा. आंधळा असून त्या कट्ट्याला त्याचा कधी केस लागला नव्हता. पाय चौफेर फाकत होते, दारू चढल्यासारखे. मी "पेडव्या" म्हटलं, त्यानं कान वळवला नाही. मग तो कुशीवर पडला आणि पडल्या पडल्या पाय मारायला लागला, पाण्यात पोहतो तसे. तोंडातून फेस. वरून पाऊस लागलेला.

फिलू, मी उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. डोक्यात एकच, मी मारला याला, फिलूनं सांभाळलेला मी मारला. आणि मग तुझा आवाज आला, वर्गात यायचा तसा. आधी मध.

मध माझ्याकडे कुठला? तुझ्या खिडकीला टांगलेला. मी तशीच भिजत गडग्याच्या फटीतून तुझ्या पडवीत. तुझ्या घराला कुलूप, किल्ली आमच्याकडे राहिलेली. गजांतून हात घालून बाटली ओढली, दोरा तुटेना, दातांनी तोडला. आमच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा हाताच्या अंतरावर होता, हे मला संध्याकाळी सुचलं.

त्याचं डोकं मांडीवर घेतलं, बोट मधात बुडवलं, आणि तिथं माझा हात थांबला. विषार विष. माझेच शब्द माझ्यापुढे उभे राहिले. जर तू चुकली असशील तर? जर शुगर चढल्यामुळेच हे होत असेल तर? याच बोटानं मी त्याचा राहिलेला जीव घेणार. देवाचं नाव पण आठवेना. तेवढ्यात त्याचं अंग असं काही थरथरलं की मी विचार करायचं सोडलं. ओठ उचलला आणि हिरडीला मध चोळला. पुन्हा चोळला. दात माझ्या बोटाला लागत होते, ते कधीही मिटले असते.

मग डॉक्टरांना फोन. ते कुठल्याशा गोठ्यात होते, मागं म्हैस रेकत होती. मी काय बोलले ते देव जाणे.

"मध लावलात?" त्यांनी विचारलं.

"लावला. चुकलं का हो?"

"बरोबर केलंत. अजून लावा. घशात ओतू नका, हिरडीलाच. फोन चालू ठेवा."

मी फोन चिखलात ठेवला आणि चोळत राहिले. डॉक्टर मधून मधून विचारत होते, आता? मी म्हणत होते, नाही. आता? नाही. असं चार-पाच वेळा झालं. मग पाय थांबले. मला वाटलं संपलं. पोटावर हात ठेवायचं धैर्य होईना. आणि मग माझ्या तळव्याला काहीतरी गरम, ओलं लागलं. तो मध चाटत होता.

"चाटतो," मी म्हटलं.

"आता उठून बसला की खायला घाला. काय खातो?"

"मासे."

"मग मासे घाला."

"श्रावण आहे हो डॉक्टर."

जरा वेळ नुसती म्हैसच ऐकू आली. मग ते म्हणाले, "शालनबाई, कुत्र्याला श्रावण असतो का?"

त्या घटकेला दूधभात चालेल म्हणाले, तो त्यानं खाल्ला. मी तशीच बसले, चिखलात, तो मांडीवर, माझे हात कोपरापर्यंत चिकट. आणि मुंग्या यायला लागल्या, आम्हा दोघांकडे. मला त्या मुंग्या झटकायचा धीर होईना. मग मी तुझ्या सांगण्याप्रमाणे तिसरी गोष्ट केली. रडले.

हे देवळातून आले, हातात तीर्थाची वाटी. "ही कसली गो पूजा?" म्हणाले, मग माझं तोंड बघून शेजारी बसले. सगळं ऐकून घेतलं. वाटी ठेवली, पिशवी घेतली आणि निघून गेले. तासाभरानं आले. कपाळाला गंध, पिशवीत खाडीचे मासे, वर केळीचं पान झाकलेलं. श्रावणी सोमवार, फिलू. जन्मात पहिल्यांदा. म्हणाले, "रस्त्यात तिघांनी इचारल्यानी पिशयेत काय. मी म्हटलंय, बेल."

आता रोज असं चाललंय. सकाळी मी तुझं कुलूप काढते. तुझ्या स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या तुझ्या कुरसाखाली, तुझ्या टोपात मासे उकडते. परात मांडीवर घेते आणि काटे काढते. तू तीनदा चाचपायचीस, मी पाचदा चाचपते. तिथंच त्याला भरवते, ताटली चाटून होते, मग सुई. मग आंघोळ करून माझ्या घरात येते. देवाचा श्रावण माझ्या घरात आणि पेडव्याची मासळी तुझ्या घरात, मधे गडगा. देवाला चालत असावं. नसेल तर त्यानं मला सांगावं, मी तुझ्याकडे बोट दाखवीन.

आंतोनला मी फोन करून सगळं सांगितलं. लपवावं असं फार वाटलं. ऐकल्यावर म्हणेल, झालं, आता ते इंजेक्शन देऊया. पण मी एकदा मुंग्या बघून गप राहिले होते, पुन्हा तसं नको होतं. सोमवारची माझी चूक सांगितली, मध सांगितला. त्यानं आधी पेडवो आता खातो ना ते विचारलं. मग म्हणाला, "मावशे, इतक्या भियान रोज कसा करतलंस?"

मी म्हटलं, "भिवनच करतंय रे. तुझी आई पण भिवनच करी होती."

बोलून गेले आणि मलाच कळलं. मला वाटायचं, तू 'किती' विचारायचीस ते मला शिकवायला. तसं नव्हतं ना गो? तुला तुझ्या डोळ्यांचा भरवसा वाटत नव्हता. एका रेघेनं जीव जाईल म्हणून तू पण भ्यालेली असायचीस, मास्तरीण असून, आणि मी 'आठ' म्हटलं की तुझा श्वास खाली बसायचा. मग स्वतःसाठी का नाही गो विचारलंस? एकदा म्हणायचंस, शालू, माझी गोळी किती? मी म्हटलं असतं. सुईला भ्याले असते, गोळीला नसते भ्याले.

आंतोन म्हणाला, ठेव मावशे तुझ्याकडे, मीसाला येतंय तेव्हा बघूया. 'बघूया' म्हणाला. ते इंजेक्शन नाही म्हणाला. मी तेवढंच धरून बसलेय. परवाच्या रविवारी तुझं मीस आहे. तो खळ्यात पाऊल ठेवेल आणि आधी कुत्र्याकडे बघेल, हे मला माहीत आहे. म्हणून मी पेडव्याला रोज माडापर्यंत चालवते, नीट चालताना दिसायला हवा. परत येताना माडाचा बुंधा बघते. मग आमच्या न्हाणीघराचा उंबरा पण बघते. हे हसतात. मी बघते.

तुझ्या फाटकाची कडी वाऱ्यानं वाजली की पेडवो उठतो आणि कान तिकडे लावतो. अर्धा तास तसाच. मी त्याला खोटं सांगत नाही, खरं पण सांगत नाही.

चवथीला तू येतेसच दर वर्षी, गणपतीला तुझ्या बागेतली केळी घेऊन, आरतीला मागं उभी राहून चुकीच्या जागी टाळी वाजवायला. पण चवथीला अजून अवकाश आहे, मला तेवढा दम नाही. त्याआधी ये. सकाळची ये, सातच्या जरा अगोदर. मी तिथंच असेन, तुझ्या स्वयंपाकघरात, खिडकीशी. मधाची बाटली परत टांगलीय, नव्या दोऱ्यानं. आणि एक सांगायचं राहिलं, तुला अजून जुनंच माहीत असेल. त्या सोमवारनंतर डॉक्टरांनी औषध कमी केलंय. आता आठ नाही, सहा. रोज उजेडाकडे सुई धरते, चष्मा वर सारते, रेघा मोजते आणि पुन्हा मोजते. ये गो लवकर. बसायला वेळ नसला तर बसू नकोस. मी 'सहा' म्हणेन. तू एकदाच 'सहा' म्हण, आणि मग जा.